ज्येष्ठांची जंगलवारी : विदर्भातील अरण्ये आणि थोडी पूर्वतयारी

ऑक्टोबर उजाडतो, पावसाळ्यात बंद असलेली विदर्भातील व्याघ्र प्रकल्पांची गाभा क्षेत्रे पुन्हा खुली होतात आणि माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येऊ लागतो. मुलगा पुण्याहून किंवा परदेशातून दिवाळीसाठी आलेला असतो, ताडोबाचे आरक्षण झालेले असते आणि निघण्याच्या चार दिवस आधी कुणाला तरी आठवते की घरात पंचाहत्तरीचे बाबा आहेत. मग फोन येतो, "डॉक्टर, बाबांना जंगलात नेलं तर चालेल ना?" विचारणाऱ्याच्या स्वरावरून कळते की त्याला 'नको' हेच उत्तर हवे आहे. बाबांनाही कुणाला अडचण व्हायची नसते. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो," असे म्हणून ते मोकळे होतात.

नागपूर परिसरात पंचवीसहून अधिक वर्षे व्यवसाय केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या प्रश्नाचे उत्तर वयाच्या आकड्यावरून देता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक्याऐंशी वर्षांच्या आजी तीन वेळा नागझिऱ्याला जाऊन आल्या आहेत आणि पासष्टीच्या काही गृहस्थांना मी खुल्या जीपमध्ये बसू देणार नाही. विचार तीन गोष्टींचा करायचा असतो. पाठीचा कणा हादरे सोसेल का? सुमारे चार तास एका जागी बसणे आणि लघवीचा वेग सांभाळणे जमेल का? आणि छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ येणे यांपैकी काही गेल्या काही आठवड्यांत झाले आहे का? यांपैकी एखादे उत्तर प्रतिकूल आले, तर जंगल बंद होत नाही; जीप तेवढी बंद होते. विदर्भाचे भाग्य असे की येथे जीपवाचूनही पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम जीपच्या जंगलाविषयी. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान; १९५५ साली ते घोषित झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्यही अस्तित्वात आले नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील या अरण्याला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या तारू देवाचे ठाणे ताडोबाच्या तलावाकाठी एका मोठ्या वृक्षाखाली आहे. साग आणि बांबू यांचे दाट रान, मधूनमधून गवताळ कुरणे आणि मगरी असलेला तो तलाव, अशी येथील रचना. कुरणे आणि तलाव असल्यामुळे दूरचे प्राणी उघड्यावर दिसतात. झाडीत दडलेला प्राणी शोधण्याइतकी नजर ज्यांची तीक्ष्ण राहिलेली नाही, त्यांना याचा मोठा उपयोग होतो. मंगळवारी ताडोबा बंद असते, हे प्रवास ठरवताना ध्यानात ठेवावे. मोहर्लीचे प्रवेशद्वार चंद्रपूर शहराला जवळ असल्यामुळे ज्येष्ठांसाठी मी तेच सुचवतो, कारण प्रसंग आला तर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठता येते. मेळघाट मला स्वतःला अतिशय प्रिय असले, तरी वळणावळणांचा घाट आणि मोठ्या रुग्णालयापासूनचे अंतर पाहता हृदयरोग्यांना तेथील अंतर्भागात जाण्याचा सल्ला मी देत नाही. चिखलदऱ्यापर्यंत जावे, थंड हवेत दोन दिवस राहावे, हे उत्तम.

आता त्या जीपचा विचार करू. जंगलातील रस्ते मातीचे असतात आणि कुठे वाघ निघाल्याची बातमी आली की चालकाच्या पायाला स्वतःवर ताबा राहत नाही. वयोमानाने, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये आणि दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांमध्ये, मणक्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा मणक्याला मोडण्यासाठी पडावे लागत नाही; बसल्या जागी वरून खाली आदळणे पुरेसे होते. पाठीच्या मध्यापासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत कुठेतरी एकदम कळ येते, उभे राहिल्यावर ती वाढते, आडवे झाल्यावर कमी होते. घरचे म्हणतात, "प्रवासाने अंग धरलं आहे," आणि मालीश सुरू होते. जीपच्या हादऱ्यानंतर अशी कळ आली तर मालीश करू नये, झुकून वजन उचलू नये आणि एक्स-रे काढून घ्यावा. ही सहल संपवून आलेल्या दोन आजींच्या मणक्याचा अस्थिभंग मला एक्स-रेमध्ये दिसला आहे. दोघी मागच्या रांगेत बसल्या होत्या.

ही मागची रांग म्हणजे प्रेमापोटी होणारा घात आहे. सफारीच्या जिप्सीत मागची आसने उंच केलेली असतात. तेथून चांगले दिसते, म्हणून घरातील तरुण मंडळी मोठ्या आदराने आजी-आजोबांना तेथे बसवतात. परंतु ती आसने मागच्या चाकांवर येतात आणि प्रत्येक खड्ड्याचा पुरता धक्का तेथेच बसतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येणारी रांग सर्वांत सौम्य. ज्येष्ठांना तेथे, दांडी धरता येईल अशा कडेच्या जागी बसवावे, खाली जाड फोमची उशी आणि कमरेमागे गुंडाळलेली शाल द्यावी. चढण्यासाठी पायरी उंच असते; प्लास्टिकचे एक भक्कम स्टूल बरोबर घेतले, तर गुडघ्यांवरचा सगळ्यात अवघड प्रसंग टळतो. आणि निघण्यापूर्वीच चालकाला नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगावे, "दादा, आमच्याबरोबर आई आहेत. वाघ नाही दिसला तरी चालेल, पण गाडी सावकाश न्या." वाघ दाखवलाच पाहिजे हे ओझे त्यांच्या डोक्यावर पर्यटकांनीच ठेवलेले असते. ते उतरवले की चालक-गाइड किती निवांतपणे आणि किती मायेने जंगल दाखवतात, याचा अनुभव घेण्यासारखा आहे.

यानंतरचा विषय थोडा संकोचाचा आहे, आणि तेवढ्यासाठीच त्यावर मी अधिक लिहिणार आहे. माझ्या अनुभवात ज्येष्ठ मंडळी जंगलाला 'नको' म्हणतात ती वाघाला भिऊन नव्हे, लघवीला भिऊन. सफारीत वाटेल तेथे उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उतरण्याची मुभा असलेली ठिकाणे मोजकी असतात. हे ठाऊक असल्यामुळे जे जातात ते आदल्या रात्रीपासून पाणी सोडतात. सुनेला किंवा जावयाला "गाडी थांबवा" असे सांगण्यापेक्षा तहान मारणे त्यांना सोपे वाटते. मुळात वयोमानाने तहानेची जाणीव मंदावलेली असते. त्यात रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. सकाळी दहा वाजता उन्हात जीपमधून उतरताना त्यांना भोवळ येते, तोल जातो, आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका निर्माण होतो. वाघाने या वयाच्या पर्यटकाला इजा केल्याचे मी पाहिलेले नाही, पण न प्यायलेल्या पाण्याने केलेली पाहिली आहे.

उपाय सोपे आहेत. फ्रुसेमाइड किंवा टोर्सेमाइडसारखी गोळी सकाळी घेतली की पुढचे काही तास वारंवार जावे लागते. सफारीच्या दिवशी ती परतल्यावर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. पुष्कळ रुग्णांत ते चालते. मधुमेहासाठी अलीकडे दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनीही लघवी वाढते, तेव्हा तोही प्रश्न त्याच भेटीत विचारावा. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये. पहाटे चहा-कॉफी टाळावी. पाणी आदल्या संध्याकाळपर्यंत नेहमीसारखे प्यावे, पहाटे एक पेला घ्यावे आणि जीपमध्ये दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट. ज्यांना हृदयविकारामुळे पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी आपले माप मोडू नये. निघण्यापूर्वी प्रवेशद्वारावरील स्वच्छतागृहात इच्छा नसली तरी जाऊन यावे आणि आत कुठे सोय आहे ते गाइडला सुरुवातीलाच विचारावे. आणि प्रौढांसाठीचे डायपर मिळतात, ते वापरावेत. चष्मा लावताना आपण लाजत नाही, श्रवणयंत्र लावताना हल्ली लाजत नाही. मग याचीच लाज का? हा विषय मुलाने काढण्यापेक्षा मुलीने किंवा सुनेने आईंकडे, आणि जावयाऐवजी मुलाने बाबांकडे काढला तर सोपा जातो.

प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांसाठी एक स्वतंत्र सूचना. थंडीत, खूप वेळ लघवी रोखून धरल्यावर ती अजिबातच न होण्याचा प्रसंग ओढवू शकतो. त्यातच आदल्या दिवशी सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी घेतलेली असेल, तर हा धोका वाढतो. सर्दीच्या पुष्कळ मिश्र गोळ्यांत असे घटक असतात. अशा रुग्णांनी सफारीच्या आधी त्या टाळाव्यात.

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातील पहाट बोचरी असते आणि खुल्या गाडीत वाऱ्यामुळे ती अधिकच झोंबते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि हृदयाला अधिक श्रम पडतात. एका जाड कोटापेक्षा तीन-चार पातळ थर बरे, कारण नऊ वाजल्यानंतर एकेक उतरवता येतो. कानटोपी, मोजे आणि गुडघ्यांवर घोंगडी हवीच. हृदयरोग्याने जिभेखाली ठेवायची गोळी शर्टाच्या खिशात ठेवावी; सामानाच्या पिशवीत, जीपच्या मागच्या कप्प्यात ठेवलेली गोळी असून नसल्यासारखी असते. दमेकऱ्यांनी पंप हाताशी ठेवावा आणि पुढच्या गाडीची धूळ शांत होईपर्यंत आपली गाडी मागे ठेवायला सांगावे.

मधुमेहींचा घोळ वेळेचा होतो. पहाटे पाचला उठून सवयीने ग्लिमेपिराइडची गोळी घेतली जाते किंवा इन्सुलिन टोचले जाते, आणि न्याहारी मात्र सफारीनंतर दहा वाजता. अशा गोळीचा आणि इन्सुलिनचा संबंध घड्याळाशी नसून ताटाशी असतो. न्याहारी उशिरा, तर औषधही त्या न्याहारीबरोबर, पण हेही डॉक्टरांशी बोलून ठरवावे. निघताना थोडे खाऊन घ्यावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज असावे. साखर उतरल्याची खूण वृद्धांमध्ये नेहमी थरथर आणि धडधड अशी दिसत नाही, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातील रक्तदाबाची गोळी चालू असल्यास. थंडीतही कपाळावर घाम दिसला, बोलणे असंबद्ध झाले, माणूस एकाएकी गप्प झाला, तर "थकले असतील, झोपू द्या" असे म्हणू नये. शुद्धीवर असतील तर आधी साखर द्यावी.

ऋतूबाबत माझे मत ठाम आहे. पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात अधिक, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पर्यटकांची झुंबड उडते. चंद्रपूरचा पारा त्या दिवसांत पंचेचाळीसच्या आसपास असतो. सत्तरीपुढच्या कुणालाही त्या दुपारी खुल्या जीपमध्ये बसवणे मला अयोग्य वाटते, मग तेथे वाघांचे अख्खे कुटुंब दिसणार असले तरी. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ आपला.

ज्यांना जीप वर्ज्य आहे त्यांनी पूर्वेकडे, गोंदिया जिल्ह्यात जावे. पूर्वीच्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांना येथे लोक मामा तलाव म्हणतात. असे शेकडो तलाव भंडारा-गोंदिया भागात आहेत. त्यांतील राजा म्हणजे नवेगावबांध. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये पसरलेले पाणी, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी अडवलेले. मारुती चितमपल्ली यांनी येथे वनाधिकारी म्हणून काळ काढला आणि त्यांच्या लेखनातून हा तलाव मराठी घराघरांत पोहोचला. आपल्यापैकी अनेकांनी नवेगावबांध पुस्तकात आधी पाहिला असेल. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके उतरतात. काठावर घडीची खुर्ची टाकावी, दुर्बीण घ्यावी आणि बसावे. चक्रवाकांची जोडी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, पाण्यात सूर मारणारा खंड्या, हे सारे आपल्याकडे चालत येते. आपल्याला कुठे जावे लागत नाही. दमले की खोलीवर परत.

याच जिल्ह्यात सारस पाहायला मिळतो. उभा राहिला की जवळजवळ माणसाच्या उंचीचा हा क्रौंच जगातील उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. महाराष्ट्रात त्याची उरलीसुरली वस्ती मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भागातच आहे. तो धानाच्या बांध्यांत घरटे करतो, म्हणजे त्याचे भवितव्य शेतकऱ्यांच्या हाती आहे. रस्त्याच्या कडेला मोटार उभी करून, काचेआडूनही सारसाची जोडी पाहता येते. मात्र शेतात उतरून जवळ जाण्याचा मोह तरुणांनी आवरावा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिने घराबाहेर न पडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला तिच्या मुलीने असेच नेले होते. त्या बाई पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा गुडघ्याविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. सारसाविषयी मात्र दहा मिनिटे बोलल्या. बाहेर रुग्णांची रांग होती, तरी मी ऐकत राहिलो.

नागपूरपासून जवळचे पेंच आणखी एका कारणासाठी सुचवतो. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे कृत्रिम प्रकाशापासून जपलेले आकाश. ज्या पिढीचे बालपण अंगणातल्या बाजेवर तारे मोजण्यात गेले, तिला ते आकाश पुन्हा दाखवण्यासाठी हादरे लागत नाहीत, फक्त आरामखुर्ची आणि शाल लागते. मान फार वेळ मागे टाकून उभे राहू नये, चक्कर येते; रेलून पाहावे. अंधारात पायाखाली विजेरी हवी आणि पायांत बूट, कारण सापही तेथे राहतात. नागपूरच्या वेशीवरील गोरेवाड्यात बंद बसमधून वाघ-अस्वले दाखवतात. ते खरे जंगल नव्हे, असे जाणकार म्हणतील; ते बरोबरही आहे. पण चाकाच्या खुर्चीवरील नातेवाइकाला घेऊन एका सकाळपुरते जायचे असेल, तर मी तेथे पाठवतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला नेताना दुपारची सफारी टाळावी. अंधार पडू लागताच त्यांचा गोंधळ वाढतो आणि परतताना अनोळखी काळोखात ती घाबरतात. सकाळी मात्र याच व्यक्ती अनेकदा आश्चर्यचकित करतात. मोहाच्या झाडाखालून गाडी गेली की नावे विसरलेल्या आजी मोहफुले वेचण्याची गोष्ट सांगू लागतात. श्रवणयंत्र असेल तर गाडी धावताना वाऱ्याचा घोंघाट कानात घुमतो. तेव्हा आवाज कमी करावा आणि गाडी थांबली की वाढवावा, कारण चितळाचा इशारा किंवा वानराचे खेकसणे तेव्हाच ऐकायचे असते. दुर्बीण सातपट-आठपट मोठे दाखवणारी घ्यावी. दहापटीची घेतली तर वृद्ध हातांचा कंपही दहापट दिसतो.

सोबत जाणाऱ्यांपैकी एकाने औषधांची यादी, डॉक्टरांचा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव कागदावर लिहून ठेवावे. आत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, आणि काही प्रवेशद्वारांवर मोबाइल जमाही करावा लागतो. सगळ्यांनी एकाच जीपमध्ये सकाळ-संध्याकाळ जाण्याचा आग्रह धरू नये. एक सफारी ज्येष्ठांसह आणि दुसरी त्यांच्यावाचून, असे ठरवले की कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही. सांभाळणारी व्यक्ती, बहुधा घरातील सून, हिलाही एकदा निर्धास्तपणे जंगल पाहू द्यावे. त्या फेरीत आईंजवळ खोलीवर मुलाने थांबावे.

परतल्यानंतर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ करावी, कपडे लगेच धुण्यास टाकावेत आणि काखा, जांघा, कमरेचा पट्टा, गुडघ्यांच्या मागच्या बाजू येथे गोचीड किंवा चाव्याची खूण आहे का ते पाहावे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. ती दुसऱ्याने पाहावी. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत विदर्भात स्क्रब टायफस हा ताप आढळतो. झुडपांतील अतिसूक्ष्म किडीच्या अळीच्या चाव्यातून तो होतो आणि चाव्याच्या जागी कधीकधी सिगारेटने भाजल्यासारखा काळा, न दुखणारा व्रण दिसतो. ताप लगेच येत नाही, बहुधा आठवडा-दीड आठवडा उलटल्यावर येतो, आणि तोवर सहलीची छायाचित्रेही विस्मरणात गेलेली असतात. वेळेवर ओळखला तर साध्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो. उशीर झाला तर वृद्धांच्या फुप्फुसांवर आणि मूत्रपिंडांवर बेततो. परतल्यापासून तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावे की आम्ही अमुक तारखेला जंगलात जाऊन आलो आहोत.